खंजिराचे वय

जुनी शस्त्रे जमवणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. विकणाऱ्याची गोष्ट जरूर ऐका, पण तारीख वस्तूलाच विचारा.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कमांडोंचा फेअरबेर्न-साइक्स खंजीर घ्या. शांघायच्या पोलिसदलात काम केलेल्या दोघांची ही रचना. विल्किन्सन स्वोर्डने १९४१ पासून तो बनवला. पहिल्या प्रकारात मुठीपुढची आडवी पट्टी 'एस' अक्षरासारखी वळलेली, आणि पात्याच्या बुडाशी चौकोनी सपाट भाग. १९४२ मध्ये पट्टी सरळ झाली, सपाट भाग गेला. १९४३ मध्ये मुठीवर गोल वळ्या आल्या.

म्हणजे वळ्यांची मूठ दाखवून कोणी '१९४१ च्या छाप्यातला' म्हणाला, तर ते शक्यच नाही. पण वळ्या आहेत म्हणून तो युद्धातलाच, असेही नाही. हा प्रकार युद्धानंतरही बनत राहिला. शिक्के तर मागाहूनही मारता येतात.

आणि कृपा करून पाते घासून लखलखीत करू नका. जुना काळपटपणा हाही पुरावाच असतो.

खोट्या तारखेने नुसते पैसेच जात नाहीत. जे खरोखर लढले, त्यांच्या नावावर आपण कथा रचतो. त्यापेक्षा चिठ्ठीवर 'नक्की माहीत नाही' लिहिलेले काय वाईट? तुम्हाला काय वाटते?