चंद्रावरची हसरी स्वारी

मोठ्या कार्याची थट्टा करू नये, असे कित्येकांचे मत असते. परंतु १९६३ साली इंग्लंडात निघालेला ‘द माउस ऑन द मून’ हा चित्रपट पाहिला, म्हणजे हे मत डळमळू लागते.

अमेरिका व सोव्हिएत रशिया यांची चंद्रासाठी चाललेली चढाओढ तेव्हा ऐन भरात होती. चित्रपटातील ग्रँड फेनविक हे एक चिमुकले, काल्पनिक राज्य. तेथील वाड्यात गरम पाण्याचे नळ नाहीत! प्रधानमंत्री युक्ती लढवतात : चंद्रावर जाण्याच्या निमित्ताने अमेरिकेकडे पैसा मागावयाचा. अमेरिका तो देते; मग मागे कसे राहावे, म्हणून रशिया एक अग्निबाण पाठवते. पुढे त्या राज्याची मदिराच स्फोटक निघते आणि तिच्या बळावर एक प्राध्यापक खरोखरीच चंद्राकडे निघतात. (१९६१ साली अ‍ॅलन शेपर्ड यांना अंतराळात नेणाऱ्या अग्निबाणातही मद्यार्कच जळत होता, ही गंमतच!)

१९६७ साली तीन अमेरिकी अंतराळवीर जमिनीवरील चाचणीत आगीत दगावले. त्याच वर्षी रशियाचे कोमारोव्ह परतताना मृत्युमुखी पडले. अशा धैर्यास हसणे क्रूरपणाचे होय. हा चित्रपट मात्र शास्त्रास हसत नाही, धैर्यासही नाही. ‘आधी कोण?’ या राज्यकर्त्यांच्या हट्टास तो हसतो. म्हणूनच शेवटी दोन्ही बलाढ्य राष्ट्रांची याने चंद्रधुळीत रुततात, आणि त्यांच्या वीरांना फेनविकच्याच अग्निबाणात दाटीवाटीने बसून घरी परतावे लागते.