न येणाऱ्या वसंताची तयारी

प्रलयाची कथा आपणांस नवी नाहीं. महापुरांत तरंगणारी मनूची नौका घरांतील मुलांसही ठाऊक असते. परंतु पुराणांतील प्रलयानंतर सृष्टि पुन्हां अंकुरते. मागें कोणीच उरणार नाहीं असा शेवट समोर दिसत असतां माणूस कसा वागेल, हा प्रश्न मात्र आधुनिक पाश्चात्य कादंबरीकारांनीं विशेष आवडीनें हाताळला आहे.

एच्. जी. वेल्स यानें १८९८ सालच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ मध्यें मंगळावरील शत्रूच्या भयानें लंडनमधून एकमेकांस तुडवीत पळणारा जनसमुदाय रंगविला. नेव्हिल शूट याच्या १९५७ सालच्या ‘ऑन द बीच’ या कादंबरींत पळावयास जागाच नाहीं. अणुयुद्धानें उत्तर गोलार्ध निर्जीव झाला आहे, किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे सरकत आहे, आणि मेलबर्नच्या रहिवाशांस थोडेच महिने उरले आहेत.

हे लोक करतात तरी काय? नौदलांतील पीटर व त्याची पत्नी मेरी पुढील वर्षाच्या बागेची आंखणी करतात. मद्यांत दिवस घालविणारी मोइरा लघुलेखन व टंकलेखन शिकूं लागते. अमेरिकन पाणबुडीचा कप्तान ड्वाइट आपल्या दिवंगत पत्नीमुलांसाठीं भेटवस्तू विकत घेतो.

ही शुद्ध आत्मवंचना होय, असें कोणी म्हणेल. मेरीच्या बाबतींत तें कांहींसें खरेंही आहे. पण पीटरचें वर्तन पाहावें. दूरच्या सफरीवर निघण्यापूर्वीं, आपण वेळेवर न परतल्यास तान्ह्या मुलीचे हाल होऊं नयेत म्हणून काय करावें लागेल, हें तो मेरीला स्पष्ट सांगतो. ती संतापते, तरी तो सांगतो, कारण तें सांगणें त्याचें कर्तव्य असतें. परतल्यावर मात्र तो त्याच बागेसाठीं बाक विकत आणतो. सत्य त्यानें लपविलें नाहीं, आणि तिची बागही मोडली नाहीं.

हा प्रसंग अणुयुद्धावांचूनही घरोघरीं येतो. वडीलधाऱ्या माणसाचा आजार बरा होणारा नाहीं असें डॉक्टर सांगतात, आणि घर कुजबुजूं लागतें. ज्याचें मरण, त्याच्यापासूनच तें लपविलें जातें. मग कोणाची क्षमा मागावयाची असते, कोणाला कांहीं सोंपवावयाचें असतें, तें मनांतच राहून जातें. उलट, सत्याच्या नांवाखालीं रोज उठून शेवटाचीच चर्चा करणें हेंही निर्दयपणाचेंच.

रुग्णास जाणून घ्यावयाची इच्छा असेल, तर जवळच्या माणसानें शेजारीं बसून एकदां स्पष्ट, मायेनें सांगावें. त्यानंतर आजोबांनीं अंगणांत आंब्याचें रोप लावावयास सांगितलें, तर ‘आतां कशाला?’ असें न म्हणतां मुलांनीं खड्डा खणावयास घ्यावा. आळें कोठें करावयाचें, हें मात्र आजोबांनाच विचारावें.