पाहुणे आणि पर्यटक

मालवणच्या आमच्या घरात चार खोल्या आहेत. मे महिन्यात, दिवाळीत आणि डिसेंबरअखेर त्यांतल्या तीन पर्यटकांच्या ताब्यात असतात आणि आम्ही सारे पडवीत झोपतो. हे प्रारंभीच सांगितले, कारण माझ्या कॉलेजची फी याच खोल्यांच्या भाड्यातून भरली जाते. तेव्हा पर्यटनाला सरसकट नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. त्याआधी आमच्याकडची कितीतरी घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत. गिरणीत एक माणूस राबायचा आणि गावी पाच माणसे पोस्टमनची वाट पाहायची. आज न्याहारी निवास चालवणारी बाई पर्यटकांना घावने, सोलकढी करून घालते आणि स्वतःच्या नावाचे बँकखाते बाळगते. मुंबईला गेला असता असा तरुण इथेच होडी चालवतो. हे ज्यांना क्षुल्लक वाटते, त्यांनी मनिऑर्डरीची वाट कधी पाहिलेली नसावी.

परंतु जमेबरोबर खर्चही लिहायला हवा. मे महिन्यात विहिरींचा तळ दिसू लागतो, आणि नेमकी तेव्हाच गावात सर्वांत जास्त गर्दी. चांगली सुरमई हॉटेलवाला उचलतो. आमच्या ताटात पेडवे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथले प्रवाळ पाहायला माणसे पाण्यात उतरतात, आणि होडीचा नांगर वर पडला की तेच प्रवाळ मोडतात. रापण ओढायला मोकळा किनारा लागतो. अनेक माणसे मिळून दोर ओढतात आणि मासळीचे वाटे करून घेतात. त्या वाळूत खुर्च्या आणि छत्र्या मांडल्या, तर रापणकराने जाळे कोठे ओढावे?

सर्वांत मोठा प्रश्न जमिनीचा. खोली भाड्याने दिली, तर हंगाम संपला की ती परत आपली होते. किनाऱ्यालगतचा माड-बागेचा तुकडा विकला, की तो कायमचा गेला. मग ज्या जागेचे आपण मालक होतो, तिथेच आपली मुले पाहुण्यांच्या बॅगा उचलणार. आमच्या तुकड्यालाही गिऱ्हाईक येऊन गेले आहे. बाबांनी अजून उत्तर दिलेले नाही.

माझे म्हणणे एवढेच, की पर्यटन हवे, पण त्याची सूत्रे गावाच्या हातात हवीत. जमीन विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी. पाणी आणि कचरा यांसाठी दर खोलीमागे कर घ्यावा व तो त्याच कामी खर्च करावा. होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये असावेत, म्हणजे प्रवाळांवर नांगर पडणार नाही. रापणीची जागा नगरपालिकेने आखून मोकळी ठेवावी. या गोष्टींना फार पैसा लागत नाही, निर्धार लागतो.

गेल्या दिवाळीत आई मला म्हणाली, "हळू बोल, पाहुणे झोपलेत." आजी पडवीतून म्हणाली, "पैसे घेतले मगे तो पावणो कसलो गो?" आई काही बोलली नाही. मला वाटते, दोघींचेही खरे आहे. पैसे घेणे गैर नाही. पण घर कोणाचे, हे आपण विसरता कामा नये.