काढलेली गाठ गेली कुठं?

सहा वर्षांपूर्वी माझ्या दंडावर कातडीखाली गाठ आली. सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून वर्षभर तशीच वागवली. शेवटी शहरातल्याच एका दवाखान्यात काढून घेतली. डॉक्टरांनी बोटानं दाबून बघितलं, "चरबीची आहे" म्हणाले आणि अर्ध्या तासात मोकळं केलं. टाके काढायला गेलो तेव्हा विचारलं, रिपोर्ट कधी येणार? "कसला रिपोर्ट? टाकून दिली की!"

ती चरबीचीच होती का, हे मला आजही माहीत नाही. दुसऱ्यांच्या कागदांसाठी माहिती अधिकाराचे अर्ज टाकत फिरतो मी, आणि स्वतःच्या अंगातून निघालेल्या गाठीचा एक कागद माझ्याकडं नाही.

कातडीखालच्या बहुतेक गाठी साध्या असतात, मान्य. पण कुठली साधी नाही, हे बोटाला दरवेळी कळत नाही. गाठ वाढत असेल, पाच सेंटिमीटरच्या वर गेली असेल, खोलवर घट्ट बसली असेल किंवा काढून परत आली असेल, तर आधी सोनोग्राफी नाहीतर एमआरआय, मग सुईची किंवा तुकड्याची तपासणी आणि त्यानंतर चाकू. सार्कोमा साधी गाठ समजून कापला तर आत काही राहून जातं आणि पुढचं ऑपरेशन मोठं होतं. मानेतली गाठ क्षयाची निघाली तर कापाकापी नाही, गोळ्यांचा कोर्स लागतो. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.

"सुई लावली की कॅन्सर चवताळतो" असं शिकलेली माणसंही छातीठोक सांगतात. सुईला घाबरायचं आणि न तपासता कापून घ्यायला बिनधास्त टेबलावर झोपायचं, हे कुठलं शहाणपण?

आणि हे कुठं चाललंय? ज्या जिल्ह्यात बार्शी आहे तिथं! 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतल्या 346 गावांत कार्यकर्ते फिरले. नुसती नोंद करून थांबले नाहीत. लक्षणं समजावून सांगितली, संशय आला त्या माणसाला दवाखान्यात जायला लावलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका त्यामुळं आधीच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या. खेड्यात जमलं ते शहरात जमत नाही?

विड्या वळणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. हजारावर मजुरी, दिवस बुडाला की पैसे बुडाले. छातीतली गाठ ती घरात सुद्धा बोलत नाही. एवढं करून ती दवाखान्याची पायरी चढली आणि "दुखत नाही ना, मग राहू द्या" ऐकून परत आली, तर ती दुसऱ्यांदा येईल का?

डॉक्टर मंडळी म्हणतात, खर्च वाढतो, पेशंटच नको म्हणतो. अहो, पण त्याला विचारलंय कुणी? मला तरी नव्हतं विचारलं. सिव्हिलला जोडून वैशंपायन मेडिकल कॉलेज आहे, तिथं पॅथॉलॉजी विभाग आहे. काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या डबीत घालून पाठवायला किती लागतं? पाठवायची नसेल तर का नाही, ते डिस्चार्ज कार्डावर लिहा आणि खाली सही करा. एवढंच मागतोय.