दोन सेंटिमीटर, पाच सेंटिमीटर

७ ऑगस्ट २०२१ ची सायंकाळ भारतीय घरांतून अजून विसरली गेलेली नाही. टोकियोच्या ऑलिंपिक मैदानावर नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर टेकला आणि मैदानी खेळांतील पहिले सुवर्णपदक भारतात आले. त्याच मैदानावर आदल्याच दिवशी, ६ ऑगस्टला, महिलांच्या भालाफेकीची अंतिम फेरी झाली होती. अन्नू राणीची वाटचाल पात्रता फेरीतच संपलेली असल्याने भारतात ती फेरी फारशी कोणी पाहिली नाही. चीनच्या लिऊ शियिंगने ६६.३४ मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकले. दुसरी आली पोलंडची मारिया आंद्रेइचिक, ६४.६१ मीटर. तिसरी ऑस्ट्रेलियाची केल्सी-ली बार्बर, ६४.५६ मीटर. रौप्य आणि कांस्य यांच्यामध्ये पाच सेंटिमीटरांचे अंतर होते.

या पाच सेंटिमीटरांचे मोल समजण्यासाठी पाच वर्षे मागे, रिओ शहरात जावे लागते.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मारिया अवघ्या वीस वर्षांची होती. पोलंडच्या ईशान्य टोकाला, लिथुआनियाच्या सीमेजवळ सुवाऊकी नावाचे गाव आहे, तिथली ही मुलगी. पात्रता फेरीत तिने ६७.११ मीटर भाला फेकला. तो पोलंडचा राष्ट्रीय विक्रम ठरला आणि त्या फेरीत तिच्यापुढे कोणीही गेले नाही. दोन दिवसांनी अंतिम फेरी झाली. क्रोएशियाच्या सारा कोलाकने ६६.१८ मीटरवर सुवर्ण घेतले, दक्षिण आफ्रिकेच्या सुनेट विल्युनने ६४.९२ मीटरवर रौप्य आणि चेक प्रजासत्ताकाच्या बार्बोरा श्पोताकोव्हाने ६४.८० मीटरवर कांस्य. मारियाचा आकडा होता ६४.७८. चौथा क्रमांक, आणि पदकापासून दोन सेंटिमीटर दूर.

दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाची रुंदी. भालाफेकीत अंतर मोजताना सेंटिमीटरच्या आतला भाग जमेस धरत नाहीत. भाला ६४ मीटर ७८ सेंटिमीटर आणि वर नऊ मिलिमीटर गेला, तरी नोंद ६४.७८ अशीच होते. कापडावर मीटरपट्टी धरणाऱ्यालाही इतके काटेकोर राहणे जमणार नाही. विशेष असे की, दोन दिवसांपूर्वी तिने टाकलेली ६७.११ मीटरची फेक अंतिम फेरीतील सुवर्णविजेत्या फेकीपेक्षाही त्र्याण्णव सेंटिमीटरांनी लांब होती. परंतु खेळाचा नियम स्पष्ट आहे. पात्रता फेरीची कमाई अंतिम फेरीत जमा होत नाही. तिथे नवे पान उघडते आणि प्रत्येकीची सुरुवात शून्यापासून होते. रिओत बारा जणींना तीन-तीन संधी होत्या, त्यांतल्या पहिल्या आठ जणींना आणखी तीन. त्या सहांपैकी जी सर्वांत लांब, तीच हिशेबात.

हा नियम निर्दय वाटला तरी अन्याय्य म्हणता येणार नाही. सर्वांना तो सारखाच लागू असतो.

रिओनंतर मारियाची वाट सरळ राहिली नाही. २०१७ मध्ये तिच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. भालाफेक करणाऱ्याचा खांदा म्हणजे सुताराचा हात. पुढच्या वर्षी त्याहून मोठे संकट आले. तिला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तो वेळीच कळला आणि शस्त्रक्रियेवर भागले. या काळाविषयी तिने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे, परंतु कोणत्याही खेळाडूची मुलाखत वाचताना रुग्णालयातल्या रात्रींची लांबी कळत नाही. पत्रकारांना पुनरागमन दिसते, मधली वर्षे दिसत नाहीत.

९ मे २०२१ रोजी क्रोएशियातील स्प्लिट येथे तिने ७१.४० मीटर भाला फेकला. महिलांचा भाला ६०० ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याचा सध्याचा नमुना १९९९ पासून वापरात आहे. या भाल्याने तिच्याहून लांब फेकणाऱ्या दोघीच : ७२.२८ मीटरचा विश्वविक्रम नावावर असणारी श्पोताकोव्हा आणि ७१.७० मीटरपर्यंत पोहोचलेली क्यूबाची ओस्लेदिस मेनेंदेस. रशियाच्या मारिया अबाकुमोव्हाने २०११ च्या दक्षिण कोरियातील विश्वस्पर्धेत ७१.९९ मीटर फेक केली होती, पण उत्तेजक द्रव्यसेवनामुळे ती पुढे रद्द झाली. हे नाव वगळले गेले म्हणूनच आंद्रेइचिक तिसऱ्या स्थानावर आहे.

इतकी मोठी फेक केल्यावर टोकियोत सुवर्ण तिचेच, असे अनेकांनी गृहीत धरले. पात्रता फेरीत ६५.२४ मीटरसह ती पुन्हा पहिली आली, आणि अंतिम फेरीत पुन्हा पान कोरे झाले. ७१.४० चा आकडा तिथे काहीच कामाचा नव्हता. ६४.६१ मीटर, हे रिओतल्या फेकीपेक्षाही सतरा सेंटिमीटरांनी कमी. तरीही या वेळी त्यावर रौप्य मिळाले, कारण तिसरीने पाच सेंटिमीटर कमी फेकले होते. रिओत अधिक फेकून हात रिकामे राहिले, टोकियोत कमी फेकून पदक मिळाले. बाजाराशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. माल तोच, भाव दिवसाचा.

महासाथीच्या निर्बंधांमुळे टोकियोत पदक गळ्यात घालायला कोणी मान्यवर पुढे येत नव्हते. विजेत्यांसमोर तबक धरले जाई, आणि त्यांनी ते स्वतः उचलून गळ्यात घालायचे. मारियानेही तसेच केले. टोकियोची पदके जुन्या, टाकून दिलेल्या मोबाइल फोन आणि तत्सम वस्तूंतून काढलेल्या धातूंची होती. रौप्यपदक साधारण ५५० ग्रॅम शुद्ध चांदीचे, म्हणजे तिच्या भाल्याहून थोडेच हलके. तेव्हाच्या भावाने त्यात पस्तीस हजार रुपयांच्या आसपास चांदी होती. चांदीचा व्यवहार करणाऱ्या घरांना ही रक्कम फार मोठी वाटणार नाही.

घरी परतल्यावर काही दिवसांतच मारियाने हे पदक लिलावात काढत असल्याचे जाहीर केले. पोलंडमधील आठ महिन्यांच्या एका बाळाला हृदयाचा गंभीर जन्मजात विकार होता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील शस्त्रक्रियेसाठी त्याच्या आईवडिलांना मोठा निधी हवा होता. तिची त्यांच्याशी कसलीही ओळख नव्हती. कोणासाठी तरी काही करायचे हे तिने आधीच ठरवले होते, आणि शोध घेताना या बाळाचे आवाहन तिच्यासमोर आले. त्या निधीची सुरुवात आणखी एका घरातून झाली होती. त्या घरचे बाळ उपचारांपर्यंत पोहोचू शकले नाही, तेव्हा त्याच्या आईवडिलांनी जमलेले पैसे या दुसऱ्या बाळाकडे वळवले होते. ही गोष्ट मारियाने स्वतःच लिहून सांगितली. बातम्यांत मात्र ती एका ओळीत आटोपली. खरे तर पदकाच्या लिलावापेक्षा ती कमी मोलाची नाही. स्वतःच्या लेकरासाठी जमवलेला पैसा परक्या लेकराला देऊन टाकणाऱ्या त्या दोघांचे छायाचित्र कुठल्या मथळ्यावर आले नाही.

पदक ही अखेर एक वस्तू आहे, कपाटात धूळ खात पडण्यापेक्षा तिने कोणाचा जीव वाचवावा, अशा आशयाचे मारियाचे म्हणणे होते. असे बोलणे सोपे असते. परंतु दोन सेंटिमीटरांनी एकदा हुकलेले, खांदा आणि हाड दोन्ही सावरून पाच वर्षांनी मिळवलेले, आणि पुन्हा मिळेलच याची कोणतीही खात्री नसलेले पदक बाजारात ठेवणे सोपे नव्हते. तिच्याकडे दुसरे ऑलिंपिक पदक नव्हते.

बोली जिंकली झाब्का या पोलिश दुकानसाखळीने. झाब्का म्हणजे छोटी बेडकी. पोलंडच्या गल्लोगल्ली या नावाची लहान दुकाने आहेत. दूध, पाव, वर्तमानपत्र, संध्याकाळी उशिरा लागणारी किरकोळ वस्तू असे सारे तिथे मिळते. नाव आणि पुरवठा कंपनीचा, गल्ल्यावर बसणारा माणूस बहुधा स्वतंत्र व्यावसायिक. बोलीची रक्कम त्या वेळच्या वृत्तांनुसार सुमारे सव्वा लाख डॉलर होती. कंपनीने रक्कम बाळाच्या उपचारांसाठी देऊ केली आणि पदक मारियाकडेच राहील असे जाहीर केले. यातून दुकानांचे नाव जगभर पोहोचले, आणि एवढी प्रसिद्धी जाहिरात देऊन कितीला पडली असती, याचा अंदाज कोणताही व्यापारी बसल्या जागी करील. तो अंदाज त्या कंपनीतही कोणी तरी केला असेलच. तरीही पैसे बाळाच्या नावे जमा झाले आणि पदक जिने कमावले तिच्या घरी राहिले. देणाऱ्याच्या मनात आणखी काय होते याचा तपास करीत बसण्याचे कारण उरत नाही.

त्यानंतर पॅरिस. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मारिया आंद्रेइचिकने पात्रता फेरीत ६५.५२ मीटर भाला फेकला आणि सलग तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये ती पात्रता फेरीत पहिली आली. अंतिम फेरीत जपानच्या हारुका कितागुचीने ६५.८० मीटरवर सुवर्ण जिंकले, दक्षिण आफ्रिकेच्या जो-अॅने व्हान डाइकने ६३.९३ मीटरवर रौप्य आणि चेक प्रजासत्ताकाच्या निकोला ओग्रोद्निकोव्हाने ६३.६८ मीटरवर कांस्य. कांस्यपदकाचा हा आकडा मारियाच्या पात्रता फेरीतील फेकीहून जवळजवळ दोन मीटरांनी कमी होता. त्या दिवशी तिला पदक मिळाले नाही. टोकियोचे रौप्य तेवढे घरी आहे.