रंगाची पारख घरातून घडावी

बेळगावला दक्षिणेकडून खेटून वसलेले शहापूर हे सांगलीच्या पटवर्धनांच्या अमलातील ठाणे होते. एका अंगाला ब्रिटिशांचा किल्ला व छावणी, आणि दुसऱ्या अंगाला संस्थानची कचेरी, सराफांच्या पेढ्या व विणकरांचे माग, अशी ही जोडवस्ती १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत दोन राजवटींखाली नांदली. कचेरी गल्ली व सराफ गल्ली ही नावे आजही तेथील रहिवाशांच्या तोंडी आहेत. परंतु ज्या वस्तूने शहापूरचे नाव दक्षिण महाराष्ट्रातील गृहिणींच्या ओठी नेले, ती कचेरीच्या दफ्तरात घडली नाही की सराफाच्या काट्यावर तोलली गेली नाही. शहापुरी लुगडे या नावाने ती विणकराच्या मागावर आणि रंगाऱ्याच्या रांजणात घडली. आज शहापूर, वडगाव व खासबाग या भागांतून फिरताना कानी पडतो तो मुख्यत्वेकरून यंत्रमागांचा आवाज. हातमाग तुरळक उरले, आणि वनस्पतींच्या मुळ्यांपासून, सालींपासून व पानांपासून रंग काढणारे रंगारी तर त्यांच्याही आधी अस्तंगत झाले.

हा ऱ्हास का झाला, या प्रश्नाचे उत्तर बहुधा यंत्र, भांडवल आणि सरकारी धोरण या तीन शब्दांत दिले जाते. ते चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे, असे माझे ठाम मत आहे. कोणतीही हस्तकला कारागिराच्या हातून सुटण्यापूर्वी ग्राहकाच्या डोळ्यांतून उतरलेली असते. ज्या घरातील आजीला कापड बोटांत धरताच ताण्याचे सूत कोणते, बाण्याचे कोणते, रंग पक्का की कच्चा, हे सांगता येत होते, त्याच घरातील नात आज केवळ किमतीची चिठ्ठी वाचते. आणि पारख नाहीशी झाली की उत्तम व सुमार हे दोन्ही माल एकाच भावाने तोलले जातात. म्हणूनच अलीकडे अनेक घरांतून कांद्याच्या टरफलांत ओढण्या रंगवण्याचा, जुन्या वस्त्रांच्या वाकळी शिवण्याचा, क्रोशाचे व लोकरीचे विणकाम करण्याचा जो उत्साह दिसतो, त्याला फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून हसण्यावारी नेणे मला मान्य नाही. या उद्योगातून बाजाराला पुरेल इतके कापड निघणार नाही हे खरे. परंतु त्यातून जाणता ग्राहक निर्माण होऊ शकेल, आणि आजच्या विणकराला अन्य कोणत्याही अनुदानापेक्षा त्याचीच गरज अधिक आहे.

घरच्या घरी एक हातरुमाल रंगवून पाहणाऱ्याला काय कळते, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कोरे सुती कापड वनस्पतींचा रंग सहजासहजी स्वीकारीत नाही. प्रथम ताण्याला दिलेली खळ धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात पूर्णपणे काढावी लागते. ती अंशतः जरी राहिली तरी रंग डागाडागांनी बसतो. मग हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवावयाचे, कारण हिरड्यातील टॅनिन नावाचे तुरट द्रव्य सुताला चिकटून राहते आणि पुढच्या संस्काराला आधार देते. त्यानंतर तुरटी, तिच्यातील अॅल्युमिनियम एका बाजूने तंतूला व दुसऱ्या बाजूने रंगद्रव्याला धरून ठेवते. शंभर ग्रॅम कापडाला पंधरा-वीस ग्रॅम हिरड्याची पूड आणि साधारण तितकीच तुरटी, हे प्रमाण घरगुती प्रयोगाला पुरेसे असते. एवढी पूर्वतयारी झाल्यावरच कांद्याच्या टरफलांचा तांबूस पिवळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, मंजिष्ठेच्या मुळांचा तांबडा किंवा खैराच्या काताचा तपकिरी रंग कापडात मुरतो. हिरड्यात भिजवलेले तेच कापड तुरटीऐवजी हिराकसाच्या पाण्यात बुडवले, तर ते पाहता पाहता करडे, आणि मात्रा वाढवली तर जवळजवळ काळे होते. लोखंडाचे गंजलेले खिळे व गूळ पाण्यात काही दिवस आंबवून काळ्या रंगासाठी असेच लोहद्रव्य सिद्ध करण्याची रीत आपल्या देशातील छपाई करणाऱ्या कारागिरांत अद्याप टिकून आहे. हळद मात्र या साऱ्या शिस्तीला अपवाद आहे. ती तुरटीसारख्या कोणत्याही बंधकावाचून सुताला तात्काळ धरते आणि तितक्याच तत्परतेने उन्हात उडून जाते. जो रंग लवकर चढतो तो टिकतोच असे नाही, हे ज्ञान ग्रंथ वाचून होत नाही. दोरीवर वाळत घातलेल्या आपल्याच कापडाकडे पाहून होते.

निळीची विद्या याहूनही गहन. निळीचे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी यांच्या साहाय्याने रांजण आंबवावा लागे, आणि त्या आंबण्याने नीळ विद्राव्य रूपात आली म्हणजे रांजणातील पाणी पिवळसर हिरवे दिसू लागे. त्यात बुडवलेले सूत बाहेर काढताना हिरवट असते. हवेतील प्राणवायूचा स्पर्श होताच ते निळे होत जाते. आणि बुडवण्याची व वाळवण्याची आवर्तने जितकी अधिक, तितका रंग गडद. संक्रांतीला नेसण्याच्या चंद्रकळेचा जो काळपट गर्द निळा रंग आपल्या आज्यांना प्रिय होता, त्यामागे असे अनेक बुडवे होते. बेळगाव, धारवाड व सोलापूर या पट्ट्यात निराळी किंवा नीळगार म्हणून ओळखला जाणारा समाज हीच विद्या वंशपरंपरेने सांभाळीत होता. रांजण बिघडला की सुधरला, हे ते वासावरून व फेसाच्या छटेवरून ओळखत.

ही विद्या कशी लोपली याचा इतिहास स्पष्ट आहे. १८५६ साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञाच्या हाती कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग लागला. १८६८ साली ग्रेब व लिबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठवर्गीय मुळांतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध केले. आणि १८९७ साली जर्मनीतील बीएएसएफ या कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली. तांबड्या रंगासाठी ज्या आल नावाच्या झाडाच्या मुळ्या खणण्यासाठी शेतकऱ्याला तीन-चार वर्षे थांबावे लागे, तिचे काम डब्यातील पूड क्षणात करू लागली. या बदलाचे केवळ दुःख करणे हे मात्र न्यायाचे होणार नाही. ज्या कष्टकरी स्त्रीला पूर्वी एकच मळकट लुगडे वर्षभर पुरवावे लागे, तिच्या अंगावर स्वस्त आणि झळझळीत रंग आला, तो याच पुडीमुळे. त्याचप्रमाणे निळीच्या लागवडीवर रयतेचे अश्रूही सांडले आहेत: १८५९-६० मधील बंगालचा निळीचा उठाव आणि १९१७ चा चंपारण्याचा सत्याग्रह यांचे स्मरण ज्याला आहे, तो नैसर्गिक रंगाचा काळ म्हणजे सुवर्णकाळ असे म्हणण्यास धजणार नाही. शिवाय ते ज्ञान जातीच्या चौकटीत कोंडलेले होते. ज्याच्या हातांना नीळ लागली, त्याच्या वाट्याला मान क्वचितच आला. आज तीच विद्या जन्मावर अवलंबून न राहता जो इच्छील त्याच्या स्वयंपाकघराशेजारी सिद्ध होऊ शकते, ही प्रगतीच आहे, आणि तिचे स्वागत त्याच भावनेने झाले पाहिजे.

तशीच एक सावधगिरीही सांगणे प्राप्त आहे. नैसर्गिक म्हटले की निरुपद्रवी, ही समजूत बाजाराने पसरवली आहे आणि ती धोक्याची आहे. कृत्रिम रंगांपैकी काही खरोखरच घातक ठरले. त्यांतील शंभराहून अधिक द्रव्यांच्या हाताळणीवर भारत सरकारने १९९० च्या दशकात बंदी घातली. परंतु वनस्पतींचा रंग पक्का करण्यासाठी मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार वापरले, तर तो रंगही सांडपाण्यातून विषच वाहून नेतो. घरी काम करणाऱ्याने तुरटी व अल्प हिराकस यांवरच समाधान मानावे, रंगाची भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नयेत, आणि जो रंग फिका पडणार आहे तो फिका पडेल असे भेट देताना सांगून टाकावे. प्रामाणिकपणा हा या कलेचा पहिला बंधक आहे.

घरोघरच्या तंतुकर्माचा विचार करताना बेळगावकरांना आपल्याच इतिहासातील एक प्रकरण विसरून चालणार नाही. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषवले ते हेच, आणि त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर आजही टिळकवाडीत आहे. त्या अधिवेशनाने सभासदत्वासाठी वर्गणीऐवजी दरमहा २००० वार सूत देण्याचे बंधन स्वीकारले. हा राष्ट्रीय प्रयोग वर्षभरही टिकला नाही; १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याच्या बैठकीत सूतकताई ऐच्छिक करण्यात आली आणि कताईच्या कार्यासाठी अखिल भारतीय चरखा संघ ही स्वतंत्र संस्था निघाली. त्याच वेळी काँग्रेसचे पुढारी गंगाधरराव देशपांडे यांच्या हुदलीसारख्या गावात मात्र खादी रुजली, आणि १९३७ च्या एप्रिलात गांधी सेवा संघाच्या परिषदेसाठी गांधीजी तेथे येऊन राहिले. एकच हस्तोद्योग सक्तीने सुकला आणि आस्थेने वाढला, हा त्यातील बोध आहे. त्याच वर्षी वर्ध्यास मांडल्या गेलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेतही, हाताच्या कामातून बुद्धीचे शिक्षण व्हावे, हेच तत्त्व होते. त्या तत्त्वाला आपण परीक्षेच्या गुणांखाली पुरून टाकले, ही आपली चूक, तत्त्वाची नव्हे.

जाणत्या ग्राहकावाचून कायदाही पंगू ठरतो, याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. काही वाण केवळ हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला; तरीही यंत्रमागावरचा माल हातमागाचा म्हणून सर्रास विकला जातो, कारण घेणाऱ्याला फरक कळत नाही. वस्तुतः तो कळणे अवघड नाही. मागावर कापडाची रुंदी ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांची बारीक छिद्रे हातमागाच्या कापडाच्या दोन्ही काठांशी बहुधा दिसतात. विणीत किंचित असमानता असते. इरकलीसारख्या साडीत अंगाचा ताणा व पदराचा ताणा वेगळा असून तो अडकवून जोडलेला असतो. ज्याने स्वतः भाकरी थापली आहे त्यालाच दुसऱ्याच्या भाकरीचे मोल कळते. तसेच ज्याच्या हातून एकदा तरी सूत तुटले आहे, तो विणकराशी घासाघीस करताना थबकतो. ही गोष्ट यंत्रमागावर राबणाऱ्या वडगाव-खासबागच्या कुटुंबांच्याही हिताची आहे. २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडून ज्यांची उपासमार झाली, त्यांना स्वस्ताईच्या शर्यतीत सुरतेशी टक्कर देण्यापेक्षा गुणवत्तेवर पैसा देणारा गिऱ्हाईक जवळच मिळाला, तर तेच अधिक स्थैर्याचे.

आणि हे केवळ रंगापुरते नाही. सनगर समाजातील विणकरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीच्या मूळच्या काळ्या रंगातच उभी राहते. तिला रंगाची गरजच नसते. धारवाडकडचा कशिदा कापडाचे धागे मोजून उलट-सुलट सारखा घातला जातो. खानापूर-हल्याळच्या रानातील सिद्दी स्त्रिया जुन्या वस्त्रांच्या तुकड्यांतून ज्या वाकळी शिवतात, त्यांतील रंगसंगती कोणत्याही कलाशाळेने अभ्यासावी अशी आहे. हे सारे आपल्या अगदी जवळच आहे, आणि आपल्या मुलांना मात्र यांतील एकही वस्तू हाताळून माहीत नाही.

तेव्हा मागणे मोठे नाही. सीमाभागातील मराठी व कन्नड दोन्ही माध्यमांच्या शाळांनी सहावी-सातवीच्या वर्गांना विज्ञानाच्या तासालाच तुरटी, हिरडा व हिराकस यांचा हा प्रयोग करू द्यावा. रसायनशास्त्राचा याहून स्वस्त धडा मिळणार नाही. विणकरांच्या सहकारी संस्थांनी खळ काढलेले कोरे हातमागाचे कापड मीटरवर किरकोळ विकण्यास ठेवावे, म्हणजे घरच्या रंगासाठी परप्रांतीचे कापड मागवावे लागणार नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठाने येथील वनस्पतिरंगांचा धुण्यातील व उन्हातील टिकाऊपणा तपासून निष्कर्ष दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावेत. देवस्थानांच्या विश्वस्तांनी आणि गृहिणींनी दसऱ्याचा झेंडू दुसऱ्या दिवशी कचऱ्यात न टाकता वाळवून ठेवावा. त्याचा पिवळा रंग उत्तम निघतो. आणि आपण प्रत्येकाने कापडाच्या दुकानात उभे राहून किंमत विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: हे कोणत्या मागावरचे, कोणत्या सुताचे आणि कोणत्या रंगाचे? आज या प्रश्नांना दुकानदाराकडे बहुधा उत्तर नसेल. पण दहा गिऱ्हाइकांनी तेच विचारले, तर अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवील. ते उत्तर शोधण्यासाठी त्याला विणकराच्या दारात जावेच लागेल. आणि शहापूरचा विणकर त्या दिवसापासून आपल्या मालाचा भाव स्वतः सांगू शकेल.