गोडंतेल कुणाच्या ताटातून गेलं?

देशात खाद्यतेलाचा पुरवठा वाढला, असं सरकारी आकडे सांगतात. ते खरंच आहे. १९५०च्या सुमारास माणशी वर्षाला जेमतेम ३ किलो तेल मिळत होतं. आज ते १९-२० किलोच्या घरात आहे, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमच्या वर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१० साली अंगमेहनत करणाऱ्या बाईसाठी दिवसाला ३० ग्रॅम तेल-तुपाची शिफारस केली होती. सरासरीने पाहिलं तर सगळ्या बायकांचं भागायला हवं.

पण पाथर्डी तालुक्यात बचत गटाची बैठक तेलाच्या भावाशिवाय संपत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण पाचातली एक बाई कमी वजनाची निघाली, आणि जवळजवळ तितक्याच जास्त वजनाच्या. निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी. या 'माणशी'मध्ये हॉटेलची कढई येते, फरसाण येतं, बिस्किटाचा पुडा येतो. सगळ्यात शेवटी जेवणारी बाई त्यात वेगळी दिसत नाही.

दुसरा प्रश्न आहे, हे तेल कशाचं? १९६०च्या दशकात देशातल्या खाद्यतेलात सगळ्यात मोठा वाटा भुईमुगाचा होता. गोडंतेल म्हणजे शेंगदाण्याचं, हे वेगळं सांगावं लागत नसे. आज एकूण तेलात त्याचा वाटा वीस भागांत जेमतेम एक आहे. सगळ्यात जास्त खपतं ते पामतेल, आणि ते जवळजवळ सगळं इंडोनेशिया-मलेशियातून येतं. २०२२-२३च्या तेल वर्षात आपण सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल आयात केलं. गंमत अशी, की आपल्या शेंगदाण्याचा एक मोठा गिऱ्हाईक अनेक वर्षं इंडोनेशियाच राहिला आहे. दाणा तिकडे, पामतेल इकडे.

हे आपोआप घडलेलं नाही. १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देश तेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला. मग १९९४ साली पामोलिनची आयात खुली केली, पुढच्या चार वर्षांत आयातशुल्क ६५ टक्क्यांवरून १५वर आणलं. शहरातल्या गिऱ्हाइकाला तेल स्वस्त मिळालं, पण कोरडवाहू शेतकऱ्याला भुईमूग परवडेना. भुईमुगाला बियाणं भरपूर लागतं, पाऊस वेळेवर लागतो, मजुरी जास्त लागते. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा सुमारे १० लाख हेक्टरांवर भुईमूग होता. आज त्याचा तिसरा हिस्सा उरला असेल-नसेल. ती जागा राज्यात मुख्यतः सोयाबीनने घेतली, आमच्याकडे कापूस आणि तूर वाढली.

पीक बदललं, एवढंच यात झालं का? बाईच्या बाजूने पाहू. भुईमूग हे बायकांच्या हातचं पीक. टोकणी, खुरपणी, शेंगा तोडणं, शेंगा फोडणं, सगळं बायका करत. शेंगा तोडायला जाणारीला वाट्याने शेंगा मिळत. काढणी झाल्यावर गरीब घरातली म्हातारी आणि पोरं सरवा वेचत. त्यातून चटणी होई, कालवणात कूट पडे, पोराच्या मुठीत दाणे येत. थोडे घाण्यावर गेले तर तेल घरी येई आणि पेंड शेळीला होई. दाण्यात निम्मं तेल आणि पाव हिस्सा प्रथिनं असतात. पैशाला हात न लावता ते घरात येत होतं आणि त्यावर बाईचा हात चालत होता.

सोयाबीनचं तसं नाही. त्यात तेल पाचवा हिस्सा, तेही कारखान्यातच निघतं. मूठभर सोयाबीन पोराच्या हातावर ठेवता येत नाही. कापूस तर खाताच येत नाही. पीक सरळ बाजारात जातं, पट्टी नवऱ्याच्या हातात येते आणि तेल दुकानातून विकत आणावं लागतं. म्हणजे तेल पिकवणारी बाई तेलाची गिऱ्हाईक झाली, आणि तीही बिनपैशाची गिऱ्हाईक.

ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बायकांचं तर विचारूच नका. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण उचल घेतो नवरा. पहाटे उठून भाकरी थापायच्या, दिवसभर मोळ्या वाहायच्या, आणि तेलाच्या पिशवीचे पैसे त्याच्याकडे मागायचे. कालवणात तेल कमी पडलं तर कमी कुणाला वाढलं जातं, हे काय सांगायला हवं?

सरकारला हे समजत नाही असं नाही, पण त्याचं उत्तर ठरलेलं आहे. २०२२च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला. १०० रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि एक लिटर पामतेल. घरात तेल नसताना आलेली पिशवी कुणी नाकारू नये. पामतेल विष नाही. पण त्यात निम्मी संपृक्त चरबी असते, शेंगदाण्याच्या तेलात ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास. गरिबाच्या वाट्याला कायम स्वस्तातलंच का, हे विचारायलाच हवं. शहरात 'लाकडी घाण्याचं तेल' महागड्या बाटल्यांत विकलं जातंय, ते आपल्यासाठी नाही.

१९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल हा राजकारणाचा विषय आहे, हे त्यांनी सरकारला ऐकवलं. ती मागणी रास्त भावाची होती. आज तिच्यापुढे एक पाऊल टाकायला हवं: तेल कोणतं, कुठं पिकलेलं आणि कुणाच्या ताब्यातलं, हेही आपण ठरवू.

म्हणून काही मागण्या संघटनांनी एकत्र मांडाव्यात. भुईमुगाचा हमीभाव नुसता जाहीर न करता तालुक्यात खरेदी व्हावी. त्या खरेदीतून अंगणवाडीत आणि रेशनवर शेंगदाणे, तेल द्यावं. बचत गटांना घाणा द्यायचा तर बुरशी तपासण्याची सोय आणि ठरलेलं गिऱ्हाईकही द्यावं. नाहीतर पापड-लोणच्यासारखं ते आणखी एक बिनदामाचं काम होईल. ऊसतोडीची मजुरी बाईच्या नावावर वेगळी मिळावी.

आणि एक काम आपलंच आहे. आपापल्या गावात दहा घरांत जाऊन विचारा: महिन्याला तेल किती येतं, पैसे कोण देतं, शेवटी कोण जेवतं? ती यादी घेऊन तहसीलवर जाऊ. सरकारची सरासरी त्यांच्याजवळ आहे, ताटाचा हिशोब आपल्याजवळ असू द्या.